गादीची थंड बाजू

मी अजूनही रोज सकाळी उठल्या उठल्या गादी उलटते. या वयात हा उद्योग झेपत नाही, पण त्याशिवाय कॉफी घशाखाली उतरत नाही.

दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्समधल्या फ्रीसलंडच्या शेतावर आम्हा ज्यू पोरांना लपवणाऱ्या आफ्के मावशीने हे शिकवलं. झडतीला आलेले जर्मन शिपाई आधी अंथरूण चाचपत. ते उबदार लागलं की माणूस घरातच आहे, हे त्यांना कळे. म्हणून भिंतीतल्या फळीमागे लपण्याआधी मी आणि माझा धाकटा भाऊ लेव्ही मिळून गादी उलटायचो, थंड बाजू वर. मी कडेला निजायचे, तो भिंतीकडे. पुढे त्याला दुसऱ्या घरी हलवलं. तो परत आलाच नाही.

आज माझी लेक हेन्नी आली होती.

"आई, ऐंशी वर्षं झाली गं. आता कोण येतंय तुझी गादी चाचपायला?"

"कोणी नाही. तू तिकडचं टोक धर."

"कंबर मोडून घेशील एक दिवस," असं पुटपुटत तिने धरलं. आम्ही गादी उलटली. चादर घालताना तिचा हात थांबला.

"आई, ही बाजू खाली होती ना?"

"मग?"

"ही गरम आहे."

मी हात लावून पाहिला. भिंतीकडे, लहान मूल मुटकुळं करून निजतं तेवढीच जागा उबदार होती.

मी खाटेच्या कडेला टेकले. दोन्ही बाजू उबदार असल्या तर कुठली लपवायची, हे आफ्के मावशीने शिकवलंच नव्हतं.