सहावी गाडी

तिसऱ्या वळणावर डेन्झिल पास्कोने नोएल हेन्चकेला भिंतीत घातलं. चुकून नाही. आधी मागून टेकवून पाहिलं, तो सरकला नाही, मग पुरतं घातलं. नोएलची गाडी ठिणग्या उडवत भिंतीला घासत गेली, गरकन फिरली आणि फिरता फिरता तिच्या बंपराने पास्कोच्या गाडीचं नाक फोडलं. पास्कोचं स्वतःचं फुटायचं अजून बाकी होतं.

पात्रता फेरी संपली, गाड्या कुंपणाबाहेरच्या पटांगणात येऊन उभ्या राहिल्या. पास्कोच्या रेडिएटरमधलं हिरवं पाणी कुराबी गावच्या लाल मातीत वाहून चाललं होतं आणि तो कमरेवर हात ठेवून ते बघत होता. तेवढ्यात नोएल चाकाचा पाना घेऊन आला.

"चाक बदलायला आलास?" पास्को म्हणाला.

नोएलने पाना त्याच्या गाडीच्या टपावर आपटला आणि फेकून दिला. माणसावर लोखंड चालवायचं नाही, एवढं तो पाळत असे. मग मूठ चालवली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज पार सॉसेज भाजणाऱ्या बाईपर्यंत गेला. पास्को खाली बसला, आणि बसल्या बसल्या त्याने नोएलचा पाय खेचला. मग दोघे नातवंडांचे आजोबा त्या हिरव्या पाण्यात लोळले. पास्कोने कान चावला. नोएलने त्याचं डोकं टायरवर आपटलं, पुन्हा आपटलं, मग जरा नीट पकडून पुन्हा. उरलेले चार ड्रायव्हर पाव-सॉसेज खात उभे होते. सोडवायला कोणी गेलं नाही. या दोघांनी त्यांनाही कधी ना कधी भिंत दाखवलेली होती.

मुख्य पंच ग्लेनिस कोवाल्ड आली तसे दोघे सुटे झाले. मारामारी करणाऱ्याला जागच्या जागी वर्षभरासाठी बाद करायचं, हा क्लबचा नियम. तो तिनेच लिहिलेला.

"काय चाललंय?"

"पडलो," पास्को म्हणाला.

"आणि तू?"

"याच्यावर पडलो," नोएल म्हणाला. त्याच्या चावलेल्या कानाचं रक्त कॉलरमध्ये उतरत होतं.

ग्लेनिसने दोघांना वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. मग पटांगणातल्या गाड्यांवरून नजर फिरवली. सहाच होत्या, फार वेळ लागला नाही.

"धूळ फार आहे आज," ती म्हणाली. "मला काही दिसत नाही."

टँकर नुकताच पाणी मारून गेला होता.

"ऐका. शेवटच्या फेरीला सहा गाड्या सुटल्या, तर जुन्या गाड्यांचा गट पुढच्या हंगामात राहील. पाच सुटल्या, तर कमिटी तुमच्या वेळात पोरांच्या गो-कार्ट गाड्या पळवणार. भांडून भांडून माझा घसा बसलाय. डेन्झिल, तुझी पळते का?"

"रेडिएटर गेला."

"कोणाकडे जादा आहे?"

कोणाकडे आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. नोएलच्या ट्रेलरवर, जुन्या ब्लँकेटात, तान्ह्या पोरासारखा गुंडाळलेला.

"नाही देणार," नोएल म्हणाला.

"नको देऊस. पुढच्या हंगामात रविवारी घरी गवत काप."

नोएलने मानेवरचं रक्त पुसलं. मग ट्रेलरकडे गेला.

पास्कोचा एक डोळा मिटला होता, त्यामुळे रेडिएटर बसवलाही नोएलनेच. पास्को पाने देत होता.

"दहाचा दे."

"हा घे."

"हा बाराचा आहे, आंधळ्या."

"आंधळा कोणी केला?"

नोएलने शेवटचा बोल्ट आवळला. "हा तुझा नाही. शर्यत झाली की काढून नेणार."

"ने ना. मी काय तो खातोय?"

सहा गाड्या दोन-दोनच्या रांगेत उभ्या राहिल्या. पास्को पुढे, नोएल मागे. ग्लेनिसने हिरवा झेंडा खाली आणला आणि सहाही सुटल्या. झेंडा पडला की गाडी सुटली. पुढे किती टिकतात याच्याशी कमिटीला कर्तव्य नव्हतं.

नोएलने पहिल्या वळणापर्यंत धीर धरला. तिथे त्याने आत शिरून चाक वळवलं, ॲक्सिलरेटर पार दाबला आणि आपली गाडी पास्कोच्या दारात घातली. बरोबर दारात; बॉनेटला धक्का लागू दिला नाही. पास्कोची गाडी आडवी घसरत भिंतीवर आदळली. दाराला आतून लावलेल्या संरक्षक लोखंडी नळ्या आत वाकल्या. आतून एक आवाज आला, तो इंजिनाचा नव्हता.

लाल झेंडा फडकला. सगळीकडे धुरळा उठला होता. या वेळी मात्र धूळ खरी होती, आणि ग्लेनिस त्या धुळीकडेच बघत उभी राहिली.

ॲम्ब्युलन्सवाले पास्कोला सोडवायला दार कापत होते. नोएल येऊन शेजारीच बॉनेट उघडून रेडिएटर काढायला वाकला. तापलेल्या पाण्याने त्याची मनगटं भाजली, तरी त्याने हात काढला नाही.

पास्कोला बाहेर काढून स्ट्रेचरवर ठेवलं. त्याचा डावा हात भलत्याच बाजूला वळला होता आणि श्वास घेताना छातीत काहीतरी घासत होतं. त्याने चांगल्या डोळ्याने नोएलला शोधलं.

"वाचला का?"

"ओरखडासुद्धा नाही."

"पाव इंच पुढे लागली असती तर..."

"मला काय गाडी चालवता येत नाही?"

नोएलने रेडिएटर ब्लँकेटात गुंडाळला, जवळ आला आणि स्ट्रेचरवर पास्कोच्या दोन पायांच्या मधे ठेवला. ॲम्ब्युलन्सवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, मग रेडिएटरवरूनही पट्टा आवळला.

"सप्टेंबरात पुढचा हंगाम सुरू होतोय," नोएल म्हणाला. "नाही आलास तर घरी येऊन मारीन."