आई करते तसं

त्र्याहत्तर साली परतूरकडच्या दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता केशरबाई लेकीची शाळेसाठी रोज तयारी करून घ्यायची. "नाव पुकारलं की बिलकुल भ्यायचं न्हाई, सुजे. मुकादम हजेरी घेतो तवा मी कशी करते? मंग तसंच बराबर करायचं."

जूनमध्ये शाळा उघडली. बाकीची पोरं आयांचे पदर सोडेनात. पण गुरुजींनी "सुजाता भिवा खरात" म्हणताच सुजी ताडकन उठली आणि "हजर!" असं ठणकावून ओरडली, की दाराबाहेर उभ्या केशरबाईची मान ताठ झाली.



मग सुजी ऐटीत टेबलापाशी गेली आणि शाई लावायला तिनं अंगठा पुढं केला.