शेखसाहेबांचा खोकला

शेख मबरूकांनी चष्मा पुसून पुन्हा लावला, कागद उजेडाकडे धरला, मग उलटा करून पाहिला.

"ही अक्षरं नाहीत, शहाताच्या आई. तुझ्या मुलानं शाईत कोंबडी बुडवून कागदावर सोडलीय."

अंगणात जमलेल्या बायका हसल्या. सनियाला मात्र हसू येईना. सुवेझच्या काठावरच्या छावणीतून नवऱ्याचं पत्र आलं होतं, तेही सात आठवड्यांनी.

लग्नानंतर अकराव्याच दिवशी शहाता लढाईवर गेला होता. त्याला लिहिता येत नव्हतं, पलटणीतला दोस्त लिहून द्यायचा. पत्र आलं की अख्ख्या गल्लीसमोर मोठ्यानं वाचायचं, आणि ते शेखसाहेबांनीच, ही गावची रीत. आधी आईला सलाम, मग मामांना, शेजाऱ्यांना. म्हशीचीही विचारपूस असे. अगदी शेवटी चार ओळी बायकोसाठी. तिथं पोचले की शेखसाहेबांना खोकला यायचा. कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि ते थेट तळच्या नावावर उतरायचे. मग सासू, हमीदा, पत्र पेटीत टाकून कुलूप लावायची. सनियाच्या वाट्याला तेवढा खोकला.

म्हणून ती शाळेतल्या बायकांच्या वर्गाला जाऊ लागली. घरी परातीतल्या मक्याच्या पिठावर बोटानं अक्षरं काढायची. "नवऱ्याचं नाव भाजून आम्हाला खाऊ घालतेस होय," हमीदा म्हणायची. मागच्या खेपेला शेखसाहेबांनी लिहिलेल्या उत्तराच्या तळाशी सनियानं स्वतःच्या हातानं एक ओळ घातली होती: मी वाचायला शिकतेय.

"मला बघू द्या, शेखसाहेब," ती आता म्हणाली.

सुटलो बुवा, अशा चेहऱ्यानं त्यांनी कागद पुढे केला.

हा दोस्ताचा हात नव्हता. अक्षरं थेट तिच्या अक्षरांसारखी होती. पोट सुटलेली, एकमेकांवर रेललेली. ती बोट ठेवून वाचू लागली. आईला सलाम. मामांना सलाम. म्हैस दूध देते का. छावणीतही संध्याकाळी फळा लावून लिहायला शिकवतात, आणि तुझी ओळ आल्यापासून मीही बसतो. बायका माना डोलावत होत्या.

मग बोट थांबलं. पुढची ओळ तिनं मनातल्या मनात वाचली. पुन्हा एकदा वाचली.

"पुढं काय लिहिलंय?" हमीदानं विचारलं.

सनिया खोकली.

अंगण खदखदून हसलं. शेखसाहेब खाली वाकून चपला शोधू लागले. हमीदानं डोक्यावरच्या फडक्याची गाठ सोडली, पेटीची किल्ली काढली आणि सुनेच्या मांडीवर टाकली.

"जुने खोकले आत पडलेत," ती म्हणाली. "तेही घेऊन जा."