कॅमेऱ्याचं जाकीट

"ढगळ आहे," क्रिसांतो अंगातलं जाकीट ओढत म्हणाला.

"कुठे ढगळ?" जोवेलिन भडकली. "तातय, तुमचं पोट बघा. बक्कल रडतंय."

दुकानवाली पर्ला खदखदून हसली. कियापो बाजारातल्या कॅमेरा गल्लीत तिचं दुकान होतं, बापलेकीची भांडणं तिला नवी नव्हती.

क्रिसांतो लग्नांचं शूटिंग करायचा. कॅमेरा नऊ किलोचा, आणि कंबर कामातून गेलेली. नवरी चर्चमध्ये शिरली की हा तिच्यासमोर उलटा चालत निघायचा. मागून त्याचा पट्टा धरून जोवेलिन. "पायरी, तातय. डावीकडे फुलदाणी." शाळा सोडल्यापासून चार वर्षं हेच. तिने कॅमेरा मागितला की त्याचं उत्तर ठरलेलं, "खांदा मोडेल तुझा."

सोमवारपासून ती आत्याबरोबर मॉलमध्ये काउंटरवर उभी राहणार होती. बापाला अजून बोलली नव्हती. आज त्याला धड काहीतरी घेऊन द्यायचं, त्याची कंबर वाचवायची आणि मग सांगून मोकळं व्हायचं, असं तिने ठरवलं होतं.

हातात धरायचं मोटरवालं गिम्बल त्याने आधीच परत केलं होतं. "चित्र नाही हलणार, कबूल. पण नऊ किलो मनगटावरच ना?"

मग पर्लाने जाकिटं काढली, पहिलं सगळ्यात मोठं. छातीला जाकीट, त्याला पुढे स्प्रिंगचा हात, हातावर कॅमेरा. सगळं वजन अंगभर वाटलेलं, खांद्यावर किंवा कमरेवर एकवटत नव्हतं. क्रिसांतो दुकानभर चालला, दोनदा वाकला. कॅमेरा पाण्यातल्या होडीसारखा तरंगत राहिला.

"झकास!" जोवेलिन म्हणाली. "हेच घ्या."

"ढगळ."

पर्लाने मधलं माप दिलं. क्रिसांतोने श्वास कोंडला, चेहरा लाल झाला, कसंबसं बक्कल लागलं.

"हेही ढगळ," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"क्रिसांतो कुया, बोलताना जीव जाईल तुमचा," पर्ला म्हणाली. "आता एकच उरलंय, सगळ्यात लहान."

"आण."

त्यात त्याचा एक हातसुद्धा नीट जाईना. त्याने जाकीट काढून काउंटरवर पसरलं. पट्टे ओढून पाहिले, खांद्याची गादी दाबून पाहिली.

"हे बांधून दे," तो पर्लाला म्हणाला.

जोवेलिनचं डोकं फिरलं. "नवरीपुढे बारीक दिसायचंय का या वयात? पहिल्याच पायरीवर फाटेल ते! आणि मागे धरायला मी नसणार. सोमवारपासून मी आत्याकडे मॉलमध्ये जातेय. कळलं?"

पर्लाने उगाच काच पुसायला घेतली.

क्रिसांतो पट्ट्याशी खेळत उभा राहिला. जोवेलिनला लगेच वाईट वाटलं. असं नव्हतं सांगायचं.

"तातय, मोठंच घ्या ना," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यात कंबर तरी वाचेल तुमची. यात तुम्ही मावणार कसे?"

"मी कशाला मावू?"

त्याने जाकीट उचललं, तिच्या खांद्यांवर टाकलं आणि छातीचा पट्टा ओढला. "श्वास सोड. सोमवारचं सोमवारी बघू. शनिवारी नवरीपुढे कॅमेरा घेऊन तू चालणारेस."