दुसऱ्याच्या गाडीची बॅटरी

हमी संपल्यावर गाडीला नवी बॅटरी घेणं दगडूअण्णांना परवडेना. बशीर मिस्त्रीने दुसऱ्या गाडीतली जुनी बसवून दिली आणि बजावलं, "अण्णा, हिला आधीच्या मालकाच्या वाटा पाठ आहेत. जरा सांभाळा."

संध्याकाळी बाजारातून परतताना गाडी आपणहून वळली आणि एका अनोळखी दारात थांबली. आतून एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीने आली. अण्णांना बघून थबकली.

"आमचे हे शाळा सुटली की अशीच पायरीला चिकटून गाडी लावायचे," ती म्हणाली. "ते गेले आणि गाडी मोडीत दिली."

अण्णा ओशाळले. "बॅटरी त्यांचीच दिसते. उद्याच मिस्त्रीकडून तिची आठवण पुसून घेतो."

"नका पुसू," तांब्या पुढे करत ती म्हणाली. "रोज नको, पण अधूनमधून चुकू द्या तिला."