जवळ जा, डोळ्यांत बघा

उद्या भर सभागृहात मतदार दोन्ही उमेदवारांना थेट प्रश्न विचारणार होते, आणि भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. म्हणून मेहुण्याने घरातच तालीम लावली. मतदार म्हणून आपल्या बहिणीलाच, म्हणजे भाऊजींच्या बायकोलाच, सोफ्यावर बसवलं आणि स्वतः लिहिलेले प्रश्न तिच्या हातात दिले.

"भाऊजी, खांबासारखे उभे राहू नका. चालत जवळ जा, डोळ्यांत बघा, मगच तोंड उघडा."

पण भाऊजींची नजर सारखी घड्याळाकडे. मेहुणा वैतागला. "ताई, आता जरा अवघड विचार."

ताईने कागद उलटा ठेवला.

"साहेब, डॉक्टरांनी छातीत गाठ आहे म्हणून सांगितलंय. घरी अजून कुणाला बोलले नाही. ऐकायला वेळ आहे कुणाला?"

मेहुण्याने चमकून ताईकडे बघितलं. हा प्रश्न त्याने लिहिलाच नव्हता.

भाऊजी चालत तिच्याजवळ गेले, गुडघ्यावर बसले, डोळ्यांत बघितलं. आवाज अगदी भरून आला. "ताई, तुम्ही एकट्या नाही. मी आहे ना."

तिने त्यांचा हात घट्ट धरला.



हात सोडवून घेत भाऊजी मेहुण्याकडे वळले, "आत्ता कसं झक्कास जमलं! चल, पुढचा प्रश्न."