वळशाची रेघ

दोन दिवस जास्त गेले तरी चालतील, पण खडकाळ सामुद्रधुनी नको, असं म्हणून कॅप्टनने नकाशावर बेटांना वळसा घालणारी रेघ ओढली. तेवढ्यात घरून बायकोचा फोन आला.

"अहो, वळशाने नका येऊ. जवळचाच रस्ता धरा."

कॅप्टनने शेजारच्या दुय्यम अधिकाऱ्याकडे संशयाने पाहिलं.

"साहेब, शपथेवर सांगतो, मी अवाक्षर काढलेलं नाही."

"तुला कोणी पढवलंय?" त्याने बायकोला दरडावलं.

"असं काय करता? तुम्हीच ना! सकाळी आलात, तेव्हापासून स्वयंपाकघरात बसलाय. अंगातून खारं पाणी निथळतंय. मला म्हणालात, बोटीवर फोन लाव." ती एकदम कुजबुजली, "आता उभे राहिलात. विचारताय, त्याने रेघ पुसली का?"